बाबांची गार खोली

२ मार्च, रविवार

बाबांची खोली आज पूर्ण झाली. आजपासूनच रोजनिशी लिहायची ठरवली आहे. चांगल्या कामाची नोंद ज्याची त्यानेच ठेवावी, दुसरं कोणी ठेवत नाही.

तपशील. चारही भिंतींना आणि छताला आतून फॉइल शीट, म्हणजे मधे फोम आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत ॲल्युमिनियम. वरून पांढरे बोर्ड. खिडकीच्या काचेला सिल्व्हर फिल्म. दाराच्या आतल्या अंगालाही फॉइल, कारण एक तुकडा उरला होता आणि अर्धवट काम मला आवडत नाही. सगळा माल आमच्या शोरूमचा, उरलेली सॅम्पलं. अकरा वर्षं मी लोकांना हेच विकतोय: ऊन बाहेर, गारवा आत. बाहेर ३७, आत २९. थर्मामीटर दारासमोरच लावला आहे, आल्याआल्या दिसेल असा.

खोली का केली हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे. आई गेल्यावर बाबांना मी हट्टाने माझ्याकडे आणलं. ताई नको म्हणत होती. त्यानंतर पाच महिने बाबा हॉलमध्ये दिवाणावर झोपत होते, चपलांच्या कपाटाशेजारी. जागाच नव्हती, ही खोली सॅम्पलांनी भरलेली होती. जानेवारीत ताई आली. तिने दिवाण बघितला, कपाट बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, सामानाला खोली आणि माणूस चपलांपाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तर सुचलं नाही. (नंतर तीन-चार सुचली.) तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

ही खोली हेच माझं उत्तर.

ताई संशोधनाच्या जहाजावर नर्स आहे. फेब्रुवारीत निघाली, सप्टेंबरात परत. भर समुद्रात मोबाइल चालत नाही. जहाजावर एक सॅटेलाइट फोन आहे, त्यावर प्रत्येकाला आठवड्यातून दहा मिनिटं. तिची वेळ रविवारी संध्याकाळी साडेपाच. आपल्याला उलट फोन करता येत नाही. ती बाबांच्या बटणाच्या मोबाइलवर करते. आज बाबा नव्या खोलीत साडेपाचची वाट बघत बसले. फोन आला नाही. मी नोंद मात्र केली.

४ मार्च, मंगळवार

टीव्हीची डिश बाल्कनीच्या कठड्यावरून आत घेतली. गिऱ्हाईक घर बघायला आलं की खालूनच त्याला ती आधी दिसते आणि काचेची फिल्म नंतर. आता डिश बाल्कनीच्या बंद, फिल्म लावलेल्या काचेच्या आत आहे. दिशा तीच, स्क्रू तेच. टीव्हीवर मात्र सिग्नल नाही अशी पाटी. उपग्रहाचं काहीतरी बिघडलं असणार. बायको म्हणाली, कालपर्यंत तर चालत होता. म्हटलं, कालपर्यंत सगळंच चालत असतं.

९ मार्च, रविवार

सव्वापाचला बाबा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर गेले. उन्हात! घरात एकोणतीस असताना! साडेपाचला ताईचा फोन यायचा असतो, हे माहीत असताना. मी आठवण केली तर म्हणाले, फोन खिशात आहे की. सहाला परत आले. घामाघूम, पण चेहरा खुललेला. चालणं तब्येतीला चांगलंच.

विचारलं, ताईचा फोन? म्हणाले, ती मजेत आहे रे. मजेत आहे! म्हणजे फोन आलेला नाही, पण लेकीवर पांघरूण घालायचं. बापाचं मन शेवटी. फार वाईट वाटलं.

संकल्प: ताईबद्दल वाईट बोलायचं नाही. फक्त लिहायचं.

१२ मार्च, बुधवार

डिशवाला आला आणि दारातूनच हसायला लागला. म्हणाला, साहेब, डिश काचेआड? त्याचं म्हणणं असं की उपग्रहाचा सिग्नल इतक्या लांबून येतो की पोचेपर्यंत त्याच्यात जीव उरलेला नसतो. ओल्या पानांची एक फांदी आडवी आली तरी चित्र फुटतं. साधी काचसुद्धा थोडा खाते. आणि तुमच्या या फिल्ममध्ये तर धातूचा थर, ती उष्णता परतवते तशी सिग्नलही परतवते. मी म्हटलं, प्रकाश येतो ना आत, मग सिग्नलला काय धाड भरली? तो म्हणाला, प्रकाश तरी कुठे सगळा येतोय, दुपारी तीन वाजता दिवा लावून बसलाय तुम्ही.

डिश पुन्हा कठड्यावर लावली. टीव्ही चालू झाला. योगायोग.

जाताना बाबांनी त्याला आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटून पाच मिनिटं काहीतरी विचारत होते. म्हाताऱ्या माणसांना कारागिरांशी गप्पा मारायला आवडतं. बाहेर आल्यावर तो माझ्याकडे न बघताच निघून गेला. उद्धट आहे.

१६ मार्च, रविवार

सव्वापाच. बाबा बाहेर, आज टोपी घालून. बायकोने पाण्याची बाटली भरून दिली. दोघांपैकी कोणीही मला विचारलं नाही की तू इतकी फॉइल लावलीस ती कशासाठी.

ताईचा फोन नाही. तिसरा रविवार. माझा मोबाइल माझ्याजवळच होता. अर्थात ती मला करणार नाही. केला असता तरी मी उचलला नसता. बहुतेक उचलला असता.

१९ मार्च, बुधवार

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, बाबांच्या खोलीत माझ्या मोबाइलची रेंज जाते, बघा ना एकदा. असलं काही उद्या गिऱ्हाईकही विचारेल, म्हणून शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. तिचा मोबाइल निरनिराळ्या ठिकाणी ठेवायचा आणि माझ्यावरून लावायचा.

टॉवेलात गुंडाळून: वाजला. लाकडी कपाटात: वाजला. जाड पुस्तकांच्या ढिगाखाली: वाजला. पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांच्या मधोमध: वाजला, जरा वेळाने. पिठाच्या स्टीलच्या डब्यात: वाजला! निष्कर्ष, धातूने काही होत नाही.

बायकोने दाखवलं की फोन डब्यात उभा राहिल्यामुळे झाकण बसलंच नव्हतं, बोटभर फट होती. मग तिने ओट्यावरची फॉइल घेतली, मोबाइल गच्च गुंडाळला, कडा दुमडल्या आणि म्हणाली, लावा आता. लावला. आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. ते माझ्यासमोर ओट्यावर होते. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ही नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी म्हटलं, स्वयंपाकघरातली फॉइल हलक्या दर्जाची असते, आमची शीट वेगळी. हे म्हणताना कानशिलं तापली. ऊन वाढत चाललंय.

२२ मार्च, शनिवार

महत्त्वाचा दिवस. एका वृद्धनिवासाच्या मॅनेजरबाईंना चाळीस खोल्या गार करून हव्या आहेत. हे जमलं तर शोरूम माझ्या ताब्यात द्यायचं मालकांच्या मनात आहे. शोरूममध्ये नुसते तुकडे दिसतात, म्हणून बाईंना थेट घरी आणलं. बाबांना चांगला शर्ट घालायला लावून खुर्चीत बसवलं होतं. सॅम्पलच्या खोलीत एखादा माणूस असला की गिऱ्हाइकाला कल्पना करायला सोपं जातं.

(लिहिल्यावर हे वाक्य बरं दिसत नाही. राहू दे.)

बाई फोनवर बोलत बोलतच खोलीत शिरल्या आणि हॅलो हॅलो करत बाहेर आल्या. बाहेर बोलणं झालं. पुन्हा आत गेल्या, पुन्हा तुटलं. विचारलं, इथे रेंज येत नाही का? मी क्षणभरही न अडखळता सांगितलं, हेच तर वैशिष्ट्य, संपूर्ण शांतता. बाई बाबांकडे वळल्या. आजोबा, तुम्हाला कोणाचा फोन आला तर काय करता? बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग थर्मामीटरकडे बघितलं. म्हणाले, मला कोण करतंय फोन? खोली मात्र झकास गार आहे हो.

बाबांनी लाज राखली. पण नंतर दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. मला कोण करतंय फोन. बघ ताई, बापाला चार माणसांत काय बोलावं लागतं तुझ्यापायी.

२३ मार्च, रविवार

सव्वापाच. टोपी. बाटली. बाहेर.

फोन नाही. बायकोला म्हटलं, ताई आपली दहा मिनिटं कोणावर उधळते कोण जाणे. बायको म्हणाली, तुम्ही एकदा बाबांबरोबर चालायला जा की. गेलोही असतो. पण टीव्हीवर मॅच रंगात आली होती. डिश आता छान चालते.

३० मार्च, रविवार

आज एकदाचा छडा लावायचा ठरवलं. पाच वाजताच बाबांच्या खोलीत जाऊन बसलो आणि दार घट्ट लावून घेतलं. म्हटलं, बाहेर चाळीस आहे, आज जायचं नाही, चक्कर येऊन पडाल. आज दोघं मिळून ताईच्या फोनची वाट बघू. बाबा म्हणाले, अरे, पटकन जाऊन येतो. म्हटलं, अजिबात नाही. पाच-वीसला ते पुन्हा उठले. म्हटलं, बाबा, माझ्यासाठी एक दिवस. मग बसले.

साडेपाच. काही नाही. बाबांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला होता. पाच-पस्तीसला उठले आणि खिडकीपाशी जाऊन मोबाइल काचेला टेकवून उभे राहिले. विचारलं, काय करताय? म्हणाले, काही नाही, ऊन बघतोय. पावणेसहा. काही नाही. येऊन खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बघितलंत ना आता?

सहाला दार उघडलं तसे ते अनवाणीच खाली गेले. बायको मागोमाग गेली. मोबाइल हातात घेऊन रस्त्यावर उभे होते म्हणाली, आता काय उपयोग असं पुटपुटत.

पुरावा मिळाला. मला बरं वाटायला हवं होतं.

३१ मार्च, सोमवार

ताईला ईमेल पाठवला. जहाजावर दिवसातून एकदा ईमेल पोचतात. मजकूर इथे उतरवून ठेवतो, जमून आला आहे.

पाच रविवार झाले. बाबा फोन हातात धरून बसतात. चपलांपाशी झोपवलं म्हणून तू मला सगळ्यांदेखत बोललीस. मी त्यांना खोली दिली. तुला दहा मिनिटं देता येत नाहीत? लाज वाटली पाहिजे.

बायकोला वाचून दाखवला, पाठवून झाल्यावर. ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. म्हटलं, कडक झालाय ना? ती म्हणाली, मला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

मॅनेजरबाईंचा शोरूमवर फोन. मालकांनी स्पीकर लावला, मी समोर. बाई म्हणाल्या, आमच्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात एक बटण असतं. कोणी पडलं, छातीत दुखलं, तर दाबायचं, ऑफिसात घंटा वाजते. ते मोबाइलच्याच रेंजवर चालतं. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये एक होतं. तुमच्या खोलीत हळूच दाबून बघितलं, ऑफिसात काही वाजलं नाही. माणूस आत पडून राहील आणि बाहेर कोणाला पत्ताही लागणार नाही. फॉइल आम्हाला नको.

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात बाईंनी विचारलं, आजोबांना त्या खोलीतून हलवलंत ना? मी म्हटलं, हो, त्याच दिवशी.

बाबा त्या वेळी त्याच खोलीत झोपले होते. दार लावून. अर्धी रजा टाकून घरी आलो, धावत जिना चढलो, दार उघडलं. ते डोळे चोळत उठून बसले आणि म्हणाले, काय रे, बरं नाही का तुला? म्हटलं, काही नाही, थर्मामीटर बघायला आलो होतो.

३ एप्रिल, गुरुवार

ताईचं उत्तर. तेही उतरवून ठेवतो.

मी दर रविवारी बोलते. तुझ्या खोलीत रेंज येत नाही म्हणून बाबा गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानाबाहेर उभे राहून बोलतात. तुला सांगू नको म्हणाले होते. पहिल्या रविवारी लागला नाही, आणि परवा. परवा मी चार वेळा लावला, दहा मिनिटं त्यातच गेली. बाबांना काही झालं असं धरूनच मी सोमवार काढला. तुझ्या ईमेलमध्ये 'फोन हातात धरून बसतात' एवढं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. बाकीचं नंतर वाचलं. त्यांना तिथे बसायला एक स्टूल दे.

चार वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी तिची चूक सापडेल असं वाटलं. चौथ्या वेळी शोधणं सोडलं.

बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, मला माहीत होतं, शिंप्याला होतं, डिशवाल्याला होतं. मी दहादा सांगायला आले, पण बाबांनी हात जोडले होते. म्हणाले, एवढ्या हौसेने केलंय पोराने, त्याच्या मनाला लागेल.

मला लाज वाटते. हा शब्द मी तिला लिहून पाठवला होता, तो आता मलाच पुरत नाही. पाच रविवार मी ताईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि बहात्तर वर्षांचा माणूस माझं मन जपायला उन्हात उभा होता. आणि एकदा तर मी त्यांना कोंडलं.

४ एप्रिल, शुक्रवार

शिंप्याकडे गेलो. निमित्त म्हणून पँट नेली होती, तिला काहीही झालेलं नाही. दुकानाचं शटर आणि विजेचा खांब यांच्यामध्ये हातभर सावली आहे, तिथे बाबा उभे राहतात. शिंपी म्हणाला, माझ्याकडे स्टूल एकच, ते माझ्या बुडाखाली. देऊ केलं तर घेत नाहीत. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलतात? त्याने सुईत दोरा ओवणं थांबवलं नाही. म्हणाला, बोलतात ना, मुलाने फार छान खोली दिली आहे, भिंतीच जरा जाड आहेत म्हणतात.

पँट तिथेच विसरून आलो.

५ एप्रिल, शनिवार

रजा. संकल्प: आज संध्याकाळपर्यंत खोलीतली सगळी फॉइल काढायची. स्वतः. उद्या बाबा खुर्चीत बसून ताईशी बोलतील.

दुपारपर्यंत एका भिंतीचे बोर्ड निघाले. शीट निघेना. गोंद आमचाच, वीस वर्षांची गॅरंटी मी स्वतः तोंड भरून देत आलो आहे. ओढली तर गिलाव्यासकट आली, आणि पलीकडून बायको ओरडली की कपाट हललं. खिडकीच्या फिल्मच्या चिंध्या झाल्या, अर्धी काचेलाच चिकटून राहिली. बाबांच्या मोबाइलवर खिडकीपाशी एक दांडी आली आणि गेली. तापमान आत ३६. बाबा दारात उभे राहून सारखं म्हणत होते, राहू दे रे, चांगली होती खोली.

खोलीभर चुरा पडला आहे. बाबांचा बिछाना तूर्त हॉलमध्ये हलवला. दिवाणावर. दुसरी जागा नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळपासून तयारी केली. ताईशी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. आधी माफी. मग मागच्या रविवारची वेगळी माफी. मग दिवाणाबद्दल. तू बोललीस ते बरोबर होतं, हे शेवटी. आरशासमोर म्हणून बघितलं, दोन मिनिटं लागतात.

सव्वापाचला बाबांबरोबर निघालो. स्टूल मी घेतलं होतं. बाबा बसले. शिंप्याने मशीन थांबवलं. बरोबर साडेपाचला फोन वाजला. बाबा सहा मिनिटं बोलले, हसले, माझं नाव दोनदा घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. चार मिनिटं शिल्लक होती.

ताई म्हणाली, बोल. आवाज इतका स्वच्छ होता की मागे जहाजाचं इंजिन ऐकू येत होतं. म्हटलं, ताई. ती म्हणाली, हं, ऐकतेय. इतक्या लांबून शब्द यायला क्षणभर लागतो. त्या क्षणात मी खिशातला कागद चाचपला. तो होता. सगळं पाठ होतं. तोंडातून निघालं ते असं: हॅलो? हॅलो? ताई, आवाज तुटतोय तुझा. काही ऐकू येत नाही.

ती म्हणाली, मला तुझा नीट येतोय. मी पुन्हा एकदा हॅलो म्हटलं आणि फोन बाबांना परत दिला.

बाबांनी आधी फोनकडे बघितलं, सगळ्या दांड्या होत्या. मग माझ्याकडे बघितलं. मग फोन कानाला लावून ते ताईला म्हणाले, हो गं, आज इथे रेंजचं काही खरं नाही.